डावीकडची अनोळखी शीर

छातीतली गाठ आता छाती न उघडता, दुर्बिणीतून काढता येते. पण हजारात तीन ते पाच माणसांच्या छातीत रक्तवाहिन्यांचा रस्ताच निराळा असतो आणि त्यांना स्वतःला त्याची जन्मभर गंधवार्ताही नसते. अशा माणसाच्या छातीत दुर्बीण घालायची वेळ आली तर?

सकाळी सारे ठीक असते. डबे भरून होतात, पाणी भरून होते, जिना दोनदा चढून-उतरून होतो. दुपार कलली की मात्र डावी पापणी जड होऊ लागते. संध्याकाळी टीव्हीसमोर बसावे तर पडद्यावर एकाऐवजी दोन नायिका दिसतात. रात्री भाकरीचा घास चावता चावता जबडा दमतो. वेणी घालायला वर गेलेला हात मध्येच खाली येतो. घरातले म्हणतात, ‘दगदग फार होते तुझी.’ चष्म्याचा नंबर तपासून होतो. कुणी टॉनिकची बाटली आणून देते. रात्रभर झोप झाली की सकाळी पुन्हा सारे ठीक! त्यामुळे सासूबाईंना शंका येते, की हे दुखणे संध्याकाळच्या स्वयंपाकाच्या वेळीच बरे उपटते.

या वहिनी आम्ही कल्पनेने उभ्या केल्या आहेत. त्यांचे दुखणे मात्र खरे आहे. त्याचे नाव मायस्थेनिया ग्रेव्हिस. मज्जातंतूने दिलेला निरोप स्नायूपर्यंत पोचतो त्या सांध्यावरच शरीरातली प्रतिपिंडे हल्ला करतात. निरोप अर्धवट पोचतो. स्नायू वापरला की थकतो आणि विश्रांती मिळाली की पुन्हा उभा राहतो. या रोगाच्या शंभरातल्या दहा ते पंधरा रुग्णांच्या छातीत एक गाठ सापडते. म्हणून पापणी पडते अशी तक्रार घेऊन गेलेल्या रुग्णाला डॉक्टर छातीचा सीटी स्कॅन करायला सांगतात, तेव्हा नातेवाईक बुचकळ्यात पडतात. डोळ्याच्या दुखण्याला छातीचा फोटो कशाला?

कारण छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या जरा वर, थायमस नावाची ग्रंथी असते. लहानपणी ती चांगली मोठी असते, रोगप्रतिकारक पेशींना ‘आपले कोण आणि परके कोण’ हे शिकवते. वय वाढते तशी ती आक्रसते आणि तिच्या जागी चरबी उरते. या ग्रंथीत गाठ झाली तर ती थायमोमा. आमच्या वहिनींच्या सीटी स्कॅनमध्ये लिंबाएवढी गाठ निघाली असे समजू. गाठ काढायला हवी, हे ऐकल्यावर पहिला प्रश्न वहिनींचाच असतो, ‘म्हणजे छाती फाडणार?’

करवतीकडून दुर्बिणीकडे

एके काळी याचे उत्तर सरळ ‘हो’ असे होते. १९३६ मध्ये अमेरिकेत नॅशव्हिल येथे डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी मायस्थेनियाने हैराण झालेल्या एका तरुणीच्या छातीतली थायमसची गाठ काढली आणि तिची शक्ती हळूहळू परत आली. (हेच ब्लॅलॉक पुढे १९४४ मध्ये ‘निळ्या बाळां’वरच्या हृदयशस्त्रक्रियेमुळे जगप्रसिद्ध झाले.) लंडनमध्ये १९४२ पासून डॉ. जेफ्री केन्स यांनी हे काम हाती घेतले. ते प्रसिद्ध अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांचे धाकटे भाऊ. थायमसमधून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरांना सर्जन मंडळी आजही ‘केन्सच्या शिरा’ म्हणतात. या लेखात त्या पुन्हा भेटणार आहेत.

त्या काळची पद्धत म्हणजे छातीचे मधले हाड करवतीने उभे कापायचे, दोन्ही बाजू फाकवायच्या, काम झाले की पोलादी तारांनी हाड पुन्हा बांधायचे. आजही मोठ्या गाठींसाठी हीच पद्धत वापरली जाते आणि ती भरवशाची आहे. पण हाड जुळायला दीड-दोन महिने तरी लागतात. तोवर भरलेली बादली उचलायची नाही, मूल कडेवर घ्यायचे नाही, खोकला आला तरी उशी छातीशी धरायची.

छातीत दुर्बीण घालण्याची कल्पना तशी जुनी. स्टॉकहोमचे डॉ. हान्स ख्रिश्चन याकोबेउस यांनी १९१० मध्ये मूत्राशय तपासायची नळी छातीच्या पोकळीत घालून पाहिली. क्षयरोग्यांच्या फुप्फुसांना चिकटलेले पापुद्रे तोडण्यासाठी ती पुढे बरीच वापरली गेली. क्षयावर औषधे आली आणि ती नळी मागे पडली. तिला पुन्हा दिवस आले ते छोट्या व्हिडिओ कॅमेऱ्यामुळे. नळीला एक डोळा लावून एकट्यानेच पाहण्याऐवजी सगळे पथक पडद्यावर पाहू लागले. आपल्याकडे १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढले आणि ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ हा शब्द घरोघर पोचला. पोटापाठोपाठ छातीची पाळी आली. इटलीत मिलानचे डॉ. जियानकार्लो रोव्हियारो यांनी दुर्बिणीतून फुप्फुसाचा अख्खा खंड काढल्याचे १९९२ मध्ये प्रसिद्ध केले. २००० मध्ये अमेरिकेत शस्त्रक्रियेच्या यंत्रमानवाला परवानगी मिळाली. यंत्रमानव म्हटले की तो आपणहून ऑपरेशन करतो असे अनेकांना वाटते. तसे काही नाही. सर्जन बाजूला बसून त्याचे हात हलवतो.

तर वहिनींना सांगितले जाते की बरगड्यांच्या मधून तीन-चार छिद्रे पाडू, एक जरा मोठे करून गाठ पिशवीत घालून बाहेर काढू, हाड कापणार नाही. घरात सुटकेचा निःश्वास टाकला जातो. आणि मग सर्जन सीटी स्कॅनवर बोट ठेवून म्हणतो, ‘इथे एक जास्तीची शीर आहे.’

वाळायची राहून गेलेली वाट

आपण मराठीत शीर हा शब्द फार सैलपणे वापरतो. मान अवघडली तरी शीर दबली आणि सलाईन लावायचे तरी शीर सापडत नाही. इथे बोलतो आहोत ते हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या निळ्या शिरांविषयी, शाळेच्या पुस्तकातल्या ‘नीलां’विषयी.

डोके आणि दोन्ही हात यांतले रक्त परत आणणारी एकच मोठी शीर असते, वरची महाशीर. ती छातीत उजव्या बाजूला असते. मग डाव्या हातातले आणि डोक्याच्या डाव्या भागातले रक्त तिथे कसे पोचते? एक आडवी शीर छातीच्या हाडामागून डावीकडून उजवीकडे जाते. नदीवरचा पूलच म्हणा ना! थायमस ग्रंथी या पुलाच्या अगदी पुढ्यात टेकलेली असते आणि केन्सच्या शिरा याच पुलाला येऊन मिळतात.

आईच्या पोटात मात्र आरंभी दोन्ही बाजूंना सारख्याच दोन शिरा असतात, एक उजवी, एक डावी. साधारण आठव्या आठवड्याच्या सुमारास दोन्हींना जोडणारा पूल तयार होतो, डावीकडचे रक्त उजवीकडे वळते आणि डावी शीर वाळून जाते. तिचा दोरीसारखा अवशेष हृदयाच्या मागे उरतो. लंडनचे सर्जन जॉन मार्शल यांनी १८५० मध्ये या बदलाचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्या दोरीला त्यांचे नाव आहे.

काही जणांच्या बाबतीत ही डावी शीर वाळायची राहूनच जाते. मग छातीत दोन महाशिरा होतात. हजारात तीन ते पाच हे प्रमाण ऐकायला लहान वाटते, पण हजार पानांच्या लग्नाच्या पंगतीत अशी तीन-चार माणसे जिलेबी खात बसलेली असतील! ज्यांना जन्मतः हृदयाचा दोष आहे त्यांच्यात हे प्रमाण कितीतरी जास्त असते. या दोन महाशिरांच्या माणसांपैकी निम्म्याहून अधिक जणांत मधला पूल अगदी बारीक असतो, किंवा नसतोच.

त्रास? बहुतेकांना काहीच नाही. डावी शीर हृदयाच्या मागून फिरून अखेर उजव्या कप्प्यातच रक्त सोडते. रक्त योग्य घरी पोचते, फक्त मागच्या दाराने. साधारण दहातल्या एकाच्या बाबतीत ती डाव्या कप्प्यात उघडते. तिथे मात्र काळजी आहे, कारण डाव्या हाताला लावलेल्या सलाईनमधून गेलेला हवेचा बुडबुडा फुप्फुसाच्या गाळणीत न अडकता थेट मेंदूकडे जाऊ शकतो.

खूण हरवलेला रस्ता

आता सर्जनच्या जागी उभे राहून पाहू. थायमस काढताना तो जी पहिली खूण शोधतो ती म्हणजे हाच आडवा पूल. तो दिसला की कळते, ग्रंथी इथे संपते, केन्सच्या शिरा इथे सापडतील, त्यांना क्लिप लावून कापायचे आणि पुढे सरकायचे. शेकडो वेळा केलेली वाट. वहिनींच्या छातीत तो पूल नाही. केन्सच्या शिरा भलतीकडेच, डाव्या महाशिरेत शिरत असण्याची शक्यता असते. आणि ग्रंथीच्या डाव्या कडेला, जिथे एरवी चरबीच असते, तिथून बोटाएवढी जाड शीर खाली उतरते आहे.

ही शीर एखादी फालतू फांदी समजून कुणी बांधली तर? पूल नसताना डाव्या हाताचे आणि डोक्याच्या डाव्या बाजूचे रक्त अडकेल, चेहरा आणि हात सुजतील. तिला चुकून भोक पडले तर आणखी कठीण. शिरेचे आवरण पातळ असते. उघड्या छातीत सर्जनचे बोट क्षणात भोकावर बसते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत बोट बाहेर असते आणि आत असतात लांब दांड्यांची अवजारे. रक्ताचा एक फवारा कॅमेऱ्याच्या भिंगावर आला की पडदा लाल, सगळेच आंधळे. अशा वेळी घाईने क्लिप मारणे म्हणजे भोक मोठे करणे. शिकवण अशी असते, की आधी कापसाचा बोळा धरून नुसते दाबायचे आणि थांबायचे. शिरेतला दाब कमी असतो, त्यामुळे दाबाने रक्त बऱ्याचदा आटोक्यात येते. या काही मिनिटांत हात न हलवता उभे राहणे, हे दुर्बीण चालवण्यापेक्षा अवघड असावे असे आम्हाला वाटते.

भर म्हणून श्वासपटल हलवणारा मज्जातंतू याच डाव्या भागातून खाली जातो. मायस्थेनियाच्या रुग्णाचे श्वासाचे स्नायू आधीच दुबळे. तो तंतू दुखावून चालणारच नाही. गाठीचे आवरणही फुटता कामा नये, नाही तर तिच्या पेशी छातीच्या पोकळीत सांडून तिथे रुजू शकतात. एका बाजूला गाठ, दुसऱ्या बाजूला शीर, आणि मधून सरकायचे.

तरीही दोन महाशिरा आहेत म्हणून दुर्बीण वर्ज्य, असे मुळीच नाही. अशा रुग्णांच्या गाठी दुर्बिणीतून आणि यंत्रमानवाच्या मदतीने सुखरूप काढल्याचे अनुभव वेगवेगळ्या देशांतल्या सर्जननी वैद्यकीय नियतकालिकांत लिहून ठेवले आहेत. अट एकच, शीर आधी ठाऊक हवी. मग छिद्रे कुठल्या बाजूने पाडायची हे ठरवता येते. डावीकडून शिरले तर ही शीर पहिल्यापासून नजरेसमोर राहते, पण अवजारे सतत तिच्याजवळून फिरतात. उजवीकडून गेले तर ती दूर राहते, पण शेवटच्या टप्प्यात पलीकडच्या अंधाऱ्या कोपऱ्यात गाठते. काही सर्जन छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापासून, पोटाच्या वरच्या भागातून शिरतात. तिथून दोन्ही बाजू दिसतात. कोणती वाट घ्यायची हे गाठ कुठे आहे आणि सर्जनचा हात कुठे बसला आहे यावर ठरते.

करडा ठिपका

शीर आधी कळते कशी? इथे खरी गंमत आहे, आणि धोकाही. सीटी स्कॅनच्या वेळी हाताच्या शिरेतून औषध सोडतात, ते रक्तात मिसळले की रक्तवाहिन्या चित्रात पांढऱ्याशुभ्र चमकतात. औषध सहसा एकाच हातातून जाते. ते उजव्या हातातून गेले तर डावी महाशीर चमकतच नाही. ती एका करड्या गोल ठिपक्यासारखी दिसते आणि सुजलेली लसिका ग्रंथीही तशीच दिसते. कर्करोगाच्या शंकेने पाहणाऱ्याला तो ठिपका ‘रोग पसरल्या’ची खूण वाटू शकतो! उलगडा सोपा आहे. एकामागून एक चित्रे खाली सरकवत जायचे. ग्रंथी दोन-चार चित्रांत संपते. शीर संपत नाही, ती खाली हृदयापर्यंत सोबत करते.

शंका राहिलीच तर हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, कामी येते. सलाईन दोन सिरिंजांमध्ये पुढे-मागे घुसळून त्यात बारीक बुडबुडे करतात आणि ते डाव्या हाताच्या शिरेत टोचतात. एरवी ते बुडबुडे थेट उजव्या कप्प्यात दिसले असते. डावी महाशीर असेल तर ते आधी हृदयामागच्या शिरेत चमकतात आणि मग कप्प्यात येतात. खर्चिक यंत्र नाही, कापाकाप नाही.

कधी कधी भूलतज्ज्ञालाच ती प्रथम भेटते. मानेच्या डाव्या बाजूने जाड नळी घातली आणि नंतरच्या एक्स-रेत ती उजवीकडे न वळता हृदयाच्या डाव्या कडेने सरळ खाली गेलेली दिसली, की काळजात धस्स होते. नळी चुकून धमनीत तर गेली नाही ना? पेसमेकर बसवतानाही अनेकांचे हे गुपित असेच उघडे पडते.

आमच्या लहानपणी जुने एक्स-रे गादीखाली ठेवायची पद्धत होती. १९९५ आणि १९९९ च्या ग्रहणांना ते डोळ्यांवर धरणारेही होते. (डोळ्यांसाठी ते धोक्याचेच.) आता सीडी मिळते, ती सणासुदीच्या पिशव्यांत कुठेतरी हरवते आणि हाती राहतो तो फक्त दोन पानांचा अहवाल. इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव इथून मुंबईला टाटा रुग्णालयात जाणारी माणसे बरोबर अहवालांची जाडजूड फाईल नेतात, पण मूळ चित्रे घरीच राहतात. सर्जनला हवी असतात ती चित्रे. अहवालात गाठीचे माप ठळक अक्षरांत असते, शिरेचा उल्लेख शेवटी एका ओळीत असतो आणि कधी तो नसतोही. ऑपरेशनपूर्वी ‘डॉक्टरसाहेब, आतल्या रक्तवाहिन्या नेहमीसारख्याच आहेत ना?’ एवढे विचारायला संकोच वाटू नये. चांगला सर्जन या प्रश्नाने चिडत नाही. तो पडदा तुमच्याकडे वळवून दाखवतो.

फुप्फुसातली वेगळी वळणे

वहिनींना थोडा वेळ बाजूला ठेवू, कारण शिरांचे हे वेगळेपण थायमसपुरते नाही. फुप्फुसाच्या कर्करोगात दुर्बिणीतून एक खंड काढतात तेव्हा त्या खंडाची शीर स्टेपलरने बंद करून कापतात. डाव्या फुप्फुसाला दोन खंड आणि त्यांच्या दोन शिरा, असे पुस्तकात असते. काहींच्या बाबतीत या दोन्ही शिरा हृदयात शिरण्याआधीच एक होतात. वरचा खंड काढताना सर्जनने हा जोड न ओळखता पुढचा जाड खोड बंद केला तर खालच्या निरोगी खंडाचेही रक्त बाहेर पडायची वाट बंद होते. तो खंड रक्ताने तटतटून फुगतो आणि वेळीच दुरुस्ती झाली नाही तर तोही गमवावा लागतो. एका गाठीपायी सगळे डावे फुप्फुस! म्हणून जाणकार सर्जन स्टेपलर दाबण्यापूर्वी दुसरी शीर स्वतंत्र आहे याची डोळ्यांनी खात्री करून घेतो.

आणखी एक प्रकार अधिक फसवा आहे. फुप्फुसाच्या एखाद्या खंडाची शीर हृदयाच्या डाव्या बाजूला न जाता महाशिरेत उघडते. शुद्ध रक्त पुन्हा अशुद्धात मिसळते. थोडेसेच असल्याने माणसाला कळत नाही. कर्करोग त्याच खंडात असेल तर तो काढल्याबरोबर हाही प्रश्न मिटतो. पण कर्करोग दुसऱ्या खंडात असेल तर चांगला खंड निघून जातो, उरलेल्यातून जास्त रक्त चुकीच्या वाटेने जाऊ लागते आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर भार पडतो. हे आधी कळले तर त्याच शस्त्रक्रियेत ती शीर योग्य जागी जोडायचा विचार करता येतो.

‘शेवटी छाती उघडावीच लागली’

रुग्णालयाच्या बाकांवर एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘दुर्बिणीचे सांगितले होते, पण फसले. शेवटी छाती उघडावीच लागली.’ हे वाक्य आम्हाला अन्यायाचे वाटते. गाठ शिरेला चिकटलेली निघाली, वाट दिसेनाशी झाली, रक्त थांबेना, तर छाती उघडणे हा पराभव नसतो. छाती उघडायची सामग्री ऑपरेशन थिएटरात पहिल्यापासून तयार ठेवलेली असते. गाठ मोठी असेल किंवा महाशिरेतच घुसली असेल तर प्रामाणिक सर्जन दुर्बिणीचे नाव आधीच काढत नाही. शिरेचा तुकडा काढून तिथे कृत्रिम नळी बसवायचीही वेळ येऊ शकते. ज्या सर्जनने एकदाही छाती उघडलेली नाही असे सांगितले जाते, त्याच्याविषयी आम्हाला जरा धास्तीच वाटेल.

थायमस काढल्याने मायस्थेनियाला उतार पडतो हे गाठ नसलेल्या रुग्णांतही नीट तपासून पाहिले गेले आहे. १२६ रुग्णांच्या त्या आंतरराष्ट्रीय पाहणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे शस्त्रक्रिया झालेल्यांची शक्ती अधिक सुधारली आणि स्टेरॉइडही कमी लागली. त्या सगळ्या शस्त्रक्रिया हाड कापूनच केलेल्या होत्या हे दुर्बिणीच्या जाहिराती करणारे सांगत नाहीत. दुर्बिणीने त्रास कमी होतो, हाड वाचते, माणूस लवकर घरी जातो. ग्रंथी मात्र पूर्ण निघायला हवी, मग ती कुठल्याही वाटेने निघो.

आता वहिनींकडे. ऑपरेशनआधी औषधांनी त्यांची शक्ती सावरली गेली, कारण मायस्थेनियाच्या रुग्णाला थकलेल्या अवस्थेत टेबलावर घेत नाहीत. भूलतज्ज्ञाने श्वासनळीत दोन तोंडांची नळी घालून एक फुप्फुस मिटवले. कार्बन डायऑक्साइड वायूच्या हलक्या दाबाने आत जागा झाली. पडद्यावर निळसर जाड शीर दिसली, जिथे सीटीत दिसली होती अगदी तिथेच. तिच्यात शिरणाऱ्या दोन बारीक शिरांना क्लिपा लागल्या. गाठ ग्रंथीसकट पिशवीत आली. पापणी काही लगेच वर होणार नाही, त्याला महिने लागतात आणि गोळ्या चालूच राहतात.

डावी महाशीर जशी होती तशी आत राहिली. डिस्चार्ज कार्डावर तिची नोंद करून घ्यायला विसरू नये, मोठ्या अक्षरांत. पुढे कधी वहिनींना पेसमेकर लागला, मानेतून नळी घालायची झाली किंवा हृदयाची शस्त्रक्रिया ठरली, तर त्या दिवशीच्या डॉक्टरला तीच ओळ आधी वाचायची आहे. त्या कार्डाची एक प्रत घरात आणि एक पर्समध्ये असावी. गादीखाली नको.